सीमाभागातल्या मुलांची पदवी पुरी व्हावी म्हणून: नाव, भाषा आणि फी

कर्नाटकाच्या सीमाभागात, बेळगाव-खानापूरकडे, मराठी शाळेतून दहावी झालेलं पोर कॉलेजात टिकवायचं, तर तयारी निकालानंतर सुरू करून भागत नाही. दहावीच्या दिवाळीतच बसावं लागतं. शाळेतले शिक्षक, गावातलं मंडळ, शिकलेली बहीण, कोणीही हे काम अंगावर घेऊ शकतं.

सगळ्यात आधी नाव बघा. एसएसएलसीच्या, म्हणजे कर्नाटक बोर्डाच्या दहावीच्या, मार्क्स कार्डावर जे नाव छापलं जातं तेच पुढे पीयूसी (अकरावी-बारावी), डिग्री आणि स्कॉलरशिपला चालतं. शाळेत ‘पाटील सुरेश मारुती’, आधारवर ‘सुरेश पाटील’, बँकेत ‘सुरेश एम पाटील’ असा प्रकार घरोघरी आहे. त्यात मराठीतून कन्नडात आणि कन्नडातून इंग्रजीत जाताना आडनावाचं स्पेलिंग फिरतं. बोर्डाकडे नावं जाण्यापूर्वी हेडमास्तरांकडून यादी मागून घ्या आणि मुलाला स्वतः एकेक अक्षर वाचायला लावा. मार्क्स कार्ड छापून आलं असेल, तर आधार त्याच्याप्रमाणे बदला. उलट करायला गेलात तर शाळेमार्फत बोर्डापर्यंत हेलपाटे आहेत. आधार केंद्रात गेलातच, तर पंधराव्या वर्षीचे बोटांचे ठसे नव्याने देऊन या. ते राहिले की ऐन फॉर्म भरताना आधार पडताळणी अडते.

जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतून, म्हणजे भागातल्या महसूल कार्यालयातून, काढा, तोही मुलाच्या नावाने. राज्याच्या स्कॉलरशिप पोर्टलवर, म्हणजे एसएसपीवर, दाखल्याची झेरॉक्स कामाची नाही. त्यावरचा आरडी नंबर लागतो. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपली नाही ना, तेही तेव्हाच बघा. मराठा समाज कर्नाटकात मागासवर्गाच्या ३बी गटात येतो. महाराष्ट्रातल्या पाहुण्यांचा दाखला दाखवून इथे काही साधत नाही.

बँकेचं खातं हा खरा खड्डा. ‘आधार लिंक आहे’ असं बँकेत सांगतात, पण सरकारी पैसे येतात ते एनपीसीआयकडे (बँकांमधले व्यवहार जोडणारी देशपातळीवरची संस्था) नोंद असलेल्या खात्यात, आणि ती नोंद शेवटी जे खातं जोडलं त्याची असते. मोबाईलच्या दुकानात सिम घेताना कोणीतरी उघडून दिलेलं खातं असलं, तर स्कॉलरशिप तिथे जाऊन बसते आणि घरचे वर्षभर वाट बघतात. बँकेत जाऊन ‘आधार सीडिंग याच खात्याला करा’ असा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

मागासवर्गीय कल्याण खात्याच्या वसतिगृहाचा अर्ज वेगळ्या पोर्टलवर भरायचा असतो. जागा नाही मिळाली, तर विद्यासिरी योजनेसाठी अर्ज करा. त्यात राहण्या-जेवणाला महिना १५०० रुपये, १० महिने मिळतात.

आता भाषा. सायन्स-कॉमर्स घेतलं की पीयूसीला सगळं इंग्रजीत. काल ‘लसावि’ काढणाऱ्या पोराला आज ‘एलसीएम’ कळत नाही आणि हुशार पोर मागच्या बाकावर जातं. परीक्षा संपल्यापासून कॉलेज सुरू होईपर्यंतचे दीड-दोन महिने इथे वापरा. कर्नाटकची दहावीची गणित आणि विज्ञानाची पुस्तकं मराठी आणि इंग्रजी दोन्ही माध्यमांत तीच आहेत: तेच धडे, त्याच आकृत्या. दोन्ही पुस्तकं राज्याच्या पाठ्यपुस्तक संस्थेच्या साइटवर फुकट मिळतात. शेजारी शेजारी उघडा, रोज तासभर एकच धडा. आधी आकृतीवरची नावं इंग्रजीत लिहायची, मग व्याख्या, मग गणित तोंडी सोडवायचं. नुसते शब्द पाठ करून उपयोग नाही, वाक्यात वापरता आले पाहिजेत. पीयूसीला भाषा विषय म्हणून मराठी घेता येते. ज्या कॉलेजात मराठीचे मास्तर आहेत तिथेच नाव घाला. आणि कन्नड वाचता आलंच पाहिजे, भाषावाद काहीही असो. नोटीस बोर्ड कन्नडात असतो.

एखादा विषय गेला म्हणून वर्ष गेलं असं आता नाही. एसएसएलसी आणि दुसऱ्या पीयूसीच्या वर्षाला एकाहून जास्त परीक्षा होतात. निकालाच्या आठवड्यातच शाळेत-कॉलेजात जाऊन पुढच्या परीक्षेची फी भरा. पोर लाजेने घरात बसतं आणि तारीख निघून जाते.

कोल्हापूर, चंदगडकडे पाठवायचं की इथेच ठेवायचं? बीए मराठीतून करायचं असेल तर शिवाजी विद्यापीठाची बाजू बरी. पण कर्नाटकातलं आरक्षण सीमा ओलांडत नाही. पुढे कर्नाटकातून सीईटी देऊन इंजिनिअरिंगला जायचं असेल, तर राज्यात किमान ७ वर्षं शिकल्याचे दाखले लागतात. ग्रामीण कोट्याला पहिली ते दहावी पूर्ण १० वर्षं गावाकडच्या शाळेत गेलेली हवीत. शाळा आहे तोवर हे दाखले सही-शिक्क्यानिशी घेऊन ठेवा. महाराष्ट्रात व्यावसायिक कोर्सना सीमाभागातल्या उमेदवारांसाठी वेगळी तरतूद आहे. त्याला वादग्रस्त ८६५ गावांपैकी एकात राहत असल्याचा आणि मातृभाषा मराठी असल्याचा दाखला जोडावा लागतो.

डिग्रीला गळती होते ती बहुधा पैशाच्या तारखांवर. स्कॉलरशिप आली की फी भरू म्हणतात, ती येते उशिरा, तोवर परीक्षेचा फॉर्म बंद. प्रवेशाच्या दिवशीच प्राचार्यांना हप्त्यांसाठी लेखी अर्ज द्या. यूयूसीएमएसचा, म्हणजे राज्याच्या विद्यापीठ-कॉलेजांच्या पोर्टलचा, पासवर्ड सायबर कॅफेवाल्याकडे नको, मुलाच्या वहीत हवा. फॉर्म, हॉल तिकीट, निकाल सगळं तिथेच येतं. पहिल्या सेमिस्टरचा राहिलेला पेपर साधारण तिसऱ्याबरोबरच देता येतो, त्यामुळे तो पहिल्या संधीत काढायचाच. हजेरी ७५ टक्के. खानापूरच्या जंगलपट्टीतल्या गावांना बस एकच असेल, तर प्रवेश घेण्याआधी शेवटच्या गाडीची वेळ आणि प्रॅक्टिकल सुटायची वेळ ताडून बघा. राज्याच्या शक्ती योजनेमुळे मुलींना सरकारी बसचा प्रवास फुकट आहे, पण गाडीच नसेल तर काय करणार?

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कामाला लागलेला मुलगा कॉलेज सोडतो म्हणाला, तर त्याला घाईने टीसी काढू देऊ नका. पटावरचं नाव गेलं की परत घेणं जिकिरीचं. आधी मुक्त विद्यापीठाची चौकशी करा. म्हैसूरचं कर्नाटक राज्य मुक्त विद्यापीठ आहे, इग्नू आहे. इग्नूत जानेवारी आणि जुलै असे दोनदा प्रवेश होतात आणि तीन वर्षांची पदवी ६ वर्षांपर्यंत पुरी करता येते.