जीएसटीची नोटीस आली की बिलांचा ढीग ओतू नका: या चुका टाळा

"काका, एक नोटीस आली होती. रात्रीच उत्तर टाकून दिलं. जरा बघता का?" असा फोन आला की माझा चहा गार होतो. उत्तर देऊन झाल्यावर मी काय डोंबल बघू?

फोटोग्राफर, इंटिरियरवाले, डिझायनर अशा एकट्याने धंदा करणाऱ्यांना राज्यकर अधिकाऱ्याकडून बहुधा आधी येते ती एएसएमटी-१०. जीएसटी कायद्याच्या कलम ६१ खालची छाननीची नोटीस. खर्चावर तुम्ही घेतलेलं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) आणि जीएसटी पोर्टलवरचे आकडे जुळत नाहीत, खुलासा करा, एवढंच ती म्हणते. खुलासा पटला तर तसं कळवणारी एएसएमटी-१२ निघते आणि विषय संपतो. पण घाबरलेला माणूस नोटीस वाचतच नाही, थेट कपाटातली बिलं काढायला धावतो.

आमच्याकडचा एक लग्नाचे फोटो काढणारा. नोटिशीत प्रश्न एकच होता: ३बी मध्ये (आपण भरतो ते विवरणपत्र) घेतलेलं क्रेडिट २बी पेक्षा (पुरवठादारांच्या विवरणपत्रांवरून पोर्टल बनवतं ती क्रेडिटची यादी) ४१,३०० रुपयांनी जास्त का? फरक मार्चमधल्या लेन्सच्या दोन बिलांचा होता. दुकानदाराने जीएसटीआर-१ (त्याच्या विक्रीचं विवरणपत्र) उशिरा भरला, म्हणून ती बिलं एप्रिलच्या २बीत उतरली. एका पानाचा खुलासा, फार तर थोडं व्याज. या पठ्ठ्याने काय करावं? वर्षभराची सगळी बिलं जेवणाच्या टेबलावर मांडून मोबाइलने फोटो काढले आणि १८० पानांचा पीडीएफ चढवला. काही पानांच्या कोपऱ्यात पोह्यांची बशीसुद्धा दिसत होती. त्या ढिगात घरचा फ्रिज, महाबळेश्वरचं रिसॉर्ट, मुलाच्या मुंजीच्या केटररचं बिल आणि नवीन गाडी. सगळ्यांवर क्रेडिट घेतलेलं! अधिकाऱ्याने यातलं काहीही विचारलं नव्हतं, यानेच ताट वाढून दिलं. पुढे आली ती डीआरसी-०१, म्हणजे कारणे दाखवा नोटीस.

"पण गाडी कामासाठीच वापरतो, लॉगबुक दाखवतो," म्हणाला. अरे बाबा, चालकासह १३ जणांपर्यंतची प्रवासी गाडी असेल तर कलम १७(५) क्रेडिट अडवतंच. गाड्यांची विक्री, प्रवासी वाहतूक किंवा ड्रायव्हिंग स्कूल असा धंदा असेल तरच सूट. "इन्कम टॅक्सला घसारा चालला की!" चालला असेल. तो कायदा वेगळा, हा वेगळा. हे वाक्य मी वर्षाला पन्नासदा तरी बोलतो.

माझी सवय सांगतो. नोटीस छापून घ्यायची, पेन्सिलने प्रत्येक मुद्द्याला क्रमांक द्यायचा. मग चार रकाने: त्यांचा आकडा, माझा आकडा, फरक, कारण. कारणापुढे फक्त त्याच बिलाची प्रत आणि बँकेतली नोंद. उत्तर लिहून एक रात्र तसंच ठेवतो, सकाळी वाचून मग सबमिट. उतावळ्यांना ही एक रात्र जड जाते.

दुसरी चूक मला सहनच होत नाही. बिल हरवलं म्हणून ओळखीच्या दुकानदाराकडून मागच्या तारखेचं करून आणणं. एकाने दोन बिलं आणली. तारखांत आठ महिन्यांचं अंतर, क्रमांक मात्र ४११ आणि ४१२. मी परत पाठवलं. साध्या चुकीत दंड कराच्या १० टक्के किंवा १०,००० रुपये, जे जास्त ते. फसवणूक ठरली तर कराइतकाच दंड. बिल नसेल तर क्रेडिट सोडा.

बाकीच्या चुका झटपट. नोटीस ईमेलवर शोधत बसू नका, पोर्टलवर 'ॲडिशनल नोटिसेस अँड ऑर्डर्स' हा कोपरा महिन्यातून एकदा उघडा. एएसएमटी-१० ला मुदत जास्तीत जास्त ३० दिवस. वाढवून हवी असेल तर ती संपायच्या आत मागा. व्हॉट्सॲपवर आलेल्या नोटिशीचा संदर्भ क्रमांक आधी पोर्टलवर तपासा, पैसे नंतर. पुरवठादाराचे पैसे १८० दिवसांत दिले नसतील तर ते क्रेडिट व्याजासह उलटवावं लागतं, दिल्यावर पुन्हा घेता येतं. आणि डीआरसी-०६, म्हणजे कारणे दाखवा नोटिशीचं उत्तर, भरताना प्रत्यक्ष सुनावणीपुढे 'नको' कधीच निवडू नका. समोर बसून पाच मिनिटांत सुटणाऱ्या गोष्टी कागदावर वर्षभर लोंबकळतात.

जे चुकलंय ते मात्र भांडत बसू नये. चुकीचं क्रेडिट वापरलं असेल तर १८ टक्के व्याज लागतं. नुसतं क्रेडिटच्या खात्यात पडून असेल, वापरलं नसेल, तर व्याज नाही, हे पुष्कळांना माहीतच नसतं. फोटोग्राफरने वापरलं होतं. शेवटी गाडी, फ्रिज, रिसॉर्ट आणि मुंजीचा केटरर, सगळ्यांचं क्रेडिट त्याने डीआरसी-०३ ने (स्वतःहून कर भरायचा फॉर्म) व्याजासकट भरलं. लेन्सच्या ४१,३०० चा खुलासा मात्र अधिकाऱ्याने पहिल्याच सुनावणीत मान्य केला.