६ व्होल्टची जुनी गाडी १२ व्होल्टवर नेताना

माझी १९५१ ची फोर्ड ६ व्होल्टची. रात्री हेडलाइटचा उजेड मिणमिणता आणि इंजिन तापलं की सेल्फ कण्हत फिरायचा. तरी १२ व्होल्टचं सामान आणण्याआधी मी बॅटरी ते चासी आणि इंजिन ते चासी या दोन्ही अर्थिंग सोडवून पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला. तुम्हीही सुरुवात तिथूनच करा. गंजलेल्या जोडात अर्धा व्होल्ट गेला, तर ६ मधला बारावा हिस्सा गेला. १२ मध्ये तोच चोविसावा. बऱ्याच गाड्यांचं दुखणं एवढ्यानेच जातं. माझ्या गाडीचं निम्मं गेलं.

मग पोलॅरिटी बघा, म्हणजे बॅटरीचं कोणतं टोक बॉडीला जोडलंय ते. या फोर्डमध्ये बॅटरीचा प्लस बॉडीला असतो आणि बॅटरी चार्ज करायला जुन्या डायनॅमोच्या जागी बसवायचे अल्टरनेटर सहसा मायनस अर्थचेच (मायनस बॉडीला असणारे) मिळतात. बॅटरी उलटी जोडली तर अल्टरनेटरमधले डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) लगेच जळतात. म्हणून नव्या बॅटरीचा मायनस बॉडीला घ्या. कॉइलची (प्लगच्या ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी) पॉइंटकडे (डिस्ट्रिब्युटरमधला उघडझाप करणारा स्विच) जाणारी वायर मायनस टोकावर, इग्निशनची प्लसवर. ॲमीटरचा काटा उलटा जाईल, त्याच्या वायरींची अदलाबदल करा. डायनॅमोचा जुना रेग्युलेटर सर्किटमधून काढून टाका.

कॉइल १२ व्होल्टची घ्या आणि तिला बाहेरून बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलचा करंट मर्यादित ठेवणारा) लागतो का, हे तिच्यावर वाचा. लागत असून लावला नाही, तर पॉइंट जळतात. पॉइंटना जोडलेला कंडेन्सर तोच चालतो.

वायरिंगबद्दल लोक उगाच घाबरतात. ४५ वॅटचा बल्ब ६ व्होल्टवर साडेसात अँपिअर ओढतो, १२ वर पावणेचार. जुन्या जाड वायरींना उलट आराम मिळतो; फक्त जिथे कापडी आवरण झडलंय ती वायर बदला. बल्ब मात्र झाडून सगळे बदला, डॅशबोर्डचे इवलेसेसुद्धा. फ्लॅशर, हॉर्न आणि सेल्फचा सोलेनॉइडही (सेल्फला करंट जोडणारा विजेवरचा स्विच) १२ चाच हवा.

सेल्फ मी जुनाच ठेवला. त्याच्या आतली वाइंडिंग सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक जोडलेली असल्याने सगळ्यांतला करंट एकदमच उलटतो, म्हणून पोलॅरिटी बदलली तरी तो उलटा फिरत नाही. पण आता जोरात फिरतो आणि बेंडिक्सला (सेल्फचं दातेरी चाक फ्लायव्हीलमध्ये अडकवणारा भाग) दणका बसतो, त्यामुळे बटण दोन-तीन सेकंदांवर दाबून धरत नाही.

पेट्रोलच्या काट्याला साधा रेझिस्टर लावू नका. टाकीतल्या पातळीनुसार करंट बदलतो, त्यामुळे काटा खोटं सांगतो. तिथे ६ व्होल्ट कायम धरून ठेवणारा रिड्यूसरच लागतो.

बॅटरी पहिल्यांदा जोडताना तिच्या केबलमध्ये २१ वॅटचा बल्ब सिरीजमध्ये घाला आणि सगळे स्विच बंद ठेवा. बल्ब पेटला तर कुठेतरी वायर बॉडीला टेकलीय. माझा पेटला होता. स्टिअरिंगखाली हॉर्नची वायर सोललेली निघाली.

व्हॉल्व्हचा रेडिओ मी अजून जोडलेला नाही. त्याचे फिलामेंट आणि व्हायब्रेटर (व्हॉल्व्हसाठी जास्त व्होल्टेज बनवायला करंट सतत तोडणारा भाग) ६ व्होल्टचे आहेत. त्याला पुरेल एवढ्या अँपिअरचा वेगळा कन्व्हर्टर मिळेपर्यंत त्याची वायर टेप गुंडाळून बाजूला बांधून ठेवलीय.