बेकर स्ट्रीट स्टेशन बघायचं कसं

लंडनला निघालेल्या प्रत्येक ओळखीच्या माणसाला मी सांगतो, बेकर स्ट्रीटसाठी एक तास राखून ठेवा. विटांच्या बांधकामाची मापं घेण्यात माझी चाळीस वर्षं गेली, म्हणून मी या स्टेशनच्या प्रेमात आहे असं घरचे म्हणतात. असेलही. पण फलाटावर उभं राहून नुसती भिंत वाचता येते अशी जागा मी तरी दुसरी पाहिलेली नाही.

आधी तिकिटाचं. रस्त्यावरून आत शिरून त्याच स्टेशनातून बाहेर पडू नका, फुकटचे पैसे कापले जातात. दुसरीकडून गाडीनं या, बघा आणि गाडीनंच पुढे जा. फोटो काढताना फ्लॅश बंद ठेवा.

सुरुवात ५ आणि ६ नंबरच्या फलाटांपासून करा. एकूण दहा फलाट आहेत आणि भुयारी रेल्वेच्या दुसऱ्या कुठल्याच स्टेशनात एवढे नाहीत, पण सगळ्यात जुने हे दोन. १० जानेवारी १८६३ रोजी पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन ही जेमतेम सहा किलोमीटरची लाइन सुरू झाली. जगातली पहिली भुयारी रेल्वे ती हीच. बाकावर बसा आणि निदान दोन गाड्या सोडून द्या. गाडी गेली की समोरची भिंत मोकळी होते. तेव्हा खालून वर बघत जा: भिंत कुठे संपते, कमान कुठे सुरू होते, विटांचे थर कसे वळत जातात. वर मॅरिलेबोन रोड आहे. तोच रस्ता खणून चर काढला, दोन्ही बाजूंना भिंती उचलल्या, वर विटांची कमान टाकली आणि रस्ता पुन्हा अंथरला. म्हणून तर हे फलाट इतके उथळ आहेत.

आता भिंतीतले खोल, तिरके कोनाडे बघा. बहुतेक लोक ती नक्षी समजतात. एका कोनाड्याच्या अगदी जवळ जाऊन मान वर करा. हे वर रस्त्याच्या कडेला उघडणारे झरोके होते. उजेड खाली यावा म्हणून आतून पांढऱ्या चकचकीत फरशा लावलेल्या होत्या. त्या काळी इथे वाफेची इंजिनं धावत. वाफ पाण्याच्या टाकीत सोडून थंड करायची सोय होती, पण धुराचं काय करणार? उजेडाबरोबर हवेलाही हीच वाट होती. विजेच्या गाड्या आल्या १९०५ मध्ये. आज झरोके बंद आहेत आणि आतून दिवे लावलेत, तरी उजेड तसाच तिरका उतरतो. मी तिथे अर्धा तास बसलो होतो. शेजारच्या आजींनी विचारलं, "गाडी चुकली का?"

ज्यांनी या रेल्वेचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला ते चार्ल्स पिअर्सन सप्टेंबर १८६२ मध्ये वारले. पहिली गाडी धावण्याच्या अवघे चार महिने आधी. तिथे बसलं की मला त्यांची हळहळ वाटते.

मग सरकत्या जिन्यानं खाली ८ आणि ९ वर जा. ही बेकरलू लाइन, १९०६ ची. इथे रस्ता खणलेलाच नाही. लोखंडी ढाल, म्हणजे खणणाऱ्यांना आडोसा देणारं मोठं नळकांडं, पुढे रेटत चिकणमातीतून गोल नळी काढली, म्हणून छत आणि भिंत असा भेदच उरत नाही. जवळच ७ आणि १० वर ज्युबिली लाइन. पलीकडच्या फलाटावर नुसतं चालत गेलं की लाइन बदलते, कारण आज ज्युबिलीची असलेली स्टॅनमोरची शाखा १९३९ पासून १९७९ पर्यंत बेकरलूचीच होती.

शेवटी बेकरलूनंच दोन स्टेशनं पुढे एजवेअर रोडला उतरा. जवळच त्याच नावाचं दुसरं स्टेशन आहे, तिकडे जाऊ नका. बाहेर येऊन रस्ता ओलांडा आणि मागे वळून बघा. गडद तांबड्या फरशांची ही इमारत वास्तुकार लेस्ली ग्रीन यांची. वरच्या अर्धगोल खिडक्यांमागे लिफ्टची यंत्रं असत. सांगाडा पोलादी आणि छप्पर सपाट, कारण पुढे त्यावर ऑफिसांचे मजले चढवायचे होते. इथे ते चढलेच नाहीत, त्यामुळे मूळ आराखडा पूर्ण दिसतो. ग्रीन १९०८ मध्ये गेले, तेव्हा त्यांचं वय होतं ३३.