स्विच लावण्याआधी खुर्ची बघा: सहायक संगणक तंत्रज्ञानात नव्याने येणाऱ्यांसाठी

या कामात नवे आलेले विशेष शिक्षक किंवा थेरपिस्ट बहुतेकदा ‘कोणतं ॲप घेऊ?’ इथून सुरुवात करतात. सुरुवात खुर्चीपासून करा. स्विच म्हणजे कीबोर्ड-माउस वापरता न येणाऱ्या मुलाने संगणक किंवा टॅब चालवण्यासाठी दाबायचं बटण. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर नीट ताबा नसणं) असलेल्या मुलाचे पाय अधांतरी असतील किंवा कंबर पुढे घसरत असेल, तर सगळी ताकद तोल सांभाळण्यात जाते आणि हात स्विचवर नेमका पडत नाही. बैठक जमली की हुकमी हालचाल शोधा. ती हाताचीच हवी असं नाही. मान झुकवणं, गुडघा सरकवणं, काहीही चालतं. फक्त न थकता पुन्हा पुन्हा जमायला हवं आणि दाबल्यावर सोडताही यायला हवं. सोडण्याकडेच सगळ्यांचं दुर्लक्ष होतं.

तारेचा स्विच 3.5 मिमीच्या मोनो जॅकने इंटरफेसला (स्विच आणि संगणक यांच्यामधली जोडणीची डबी) आणि इंटरफेस यूएसबीने संगणकाला जोडतात. संगणकाला तो सहसा स्पेस किंवा एंटरची कळच वाटतो. म्हणून काही चाललं नाही तर आधी नोटपॅड उघडा. स्विच दाबल्यावर कर्सर हलला, तर जोडणी ठीक आहे, घोळ सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये आहे. ब्लूटूथ स्विच काही वेळ वापरला नाही की झोपी जातो. मग पहिला दाब त्याला जागं करण्यातच जातो आणि मुलाला वाटतं, आपण दाबून काही होतच नाही.

स्कॅनिंगमध्ये पडद्यावरच्या चौकटी एकेक करून उजळतात आणि हवी ती उजळली की मूल स्विच दाबतं. याचा वेग अंदाजाने ठरवू नका. चौकट उजळल्यापासून दाबेपर्यंतचा वेळ दहा-बारा वेळा मोजा, सरासरी काढा आणि 0.65 ने भागा. सरासरी 1.3 सेकंद असेल, तर प्रत्येक चौकटीला 2 सेकंद द्या. हात थरथरून एका दाबाचे दोन होत असतील, तर वेग कमी करून फायदा नाही. लगेच आलेला दुसरा दाब न मोजण्याची सोय चालू करा. विंडोजमध्ये ती फिल्टर कीजमध्ये मिळते.

संवादाच्या ॲपमध्ये, म्हणजे टॅबवर बटण दाबलं की मुलासाठी तो शब्द बोलणाऱ्या ॲपमध्ये, बटणांच्या जागा हलवू नका, कारण सरावाने हाताला जागा पाठ होते. सुरुवातीलाच जास्त बटणांची मांडणी घ्या, नको ती बटणं झाका, पुढे एकेक उघडा. वस्तूंच्या नावांइतकेच ‘अजून’, ‘नको’, ‘थांब’, ‘मदत’ हे शब्द पहिल्या दिवसापासून हवेत. आपण बोलताना स्वतः बटण दाबून दाखवावं, मुलाचा हात धरून दाबू नये. विचारल्यावर निदान दहा सेकंद गप्प थांबा. आणि शिक्षा म्हणून हा टॅब कधीही काढून घेऊ नका. तो त्या मुलाचा आवाज आहे. खेळांसाठी जमल्यास दुसरा टॅब ठेवा.