स्टार्चच्या फिल्ममधले पांढरे ठिपके : माझा अनुभव

सांगलीजवळच्या आमच्या ऊस रोपवाटिकेसाठी मक्याच्या स्टार्चपासून विघटनशील पिशव्या करताना एक अडचण येत होती : लवचिकपणासाठीचे ग्लिसरीन कमी घातले की फिल्म (स्टार्चचा पातळ पापुद्रा) घडीवर तडकत असे आणि पुरेसे घातले की माती भरतानाच ताणून फाटत असे. वनस्पतिजन्य नॅनोसेल्युलोजने (सेल्युलोजच्या अतिसूक्ष्म तंतूंनी) ताकद वाढते, म्हणून त्याची विकतची कोरडी पूड मिसळली. परंतु फिल्म उजेडासमोर धरल्यावर मोहरीएवढे पांढरे ठिपके दिसत आणि ती नेमकी तेथूनच फाटे.

ठिपक्यांचे कारण पूड वाळवण्यात होते. पाणी उडून जाताना सेल्युलोजचे सूक्ष्म तंतू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना इतके घट्ट चिकटतात की पुन्हा भिजवूनही ते पुरते सुटत नाहीत. त्यामुळे मी बगॅस (रस काढल्यावर उरणारे उसाचे चिपाड; आमच्या भागात त्याला तोटा नाही) कॉस्टिक सोड्याच्या सौम्य द्रावणात शिजवून बरेचसे लिग्निन (तंतूंना जखडून ठेवणारा घटक) काढले, हायड्रोजन पेरॉक्साइडने उरलेले तंतू उजळवले, स्वच्छ धुतले आणि दाटसर जेल होईपर्यंत मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवले. ही जेल न वाळवता थंड पाण्यात कालवलेल्या स्टार्चमध्ये मिसळली आणि नंतरच मिश्रण तापवले, कारण स्टार्च एकदा शिजून घट्ट झाला की तंतू सगळीकडे पसरत नाहीत. तंतूंचे कोरडे वजन स्टार्चच्या ५ टक्क्यांच्या आत ठेवले आणि जेलमधले पाणी हिशेबात धरले.

ठिपके गेले, ग्लिसरीन तेवढेच ठेवूनही पिशवी माती भरताना तग धरू लागली. पावसात मात्र ती मऊ पडते. स्टार्च आणि सेल्युलोज या दोघांनाही पाण्याची ओढ असल्याने त्यावर हा उपाय लागू पडत नाही.