फराळाच्या ऑर्डरी, चॅटजीपीटी आणि माझी वही

ठाण्याच्या नौपाड्यात माझं फराळाचं काम आहे. मी आणि हाताखाली तिघी. दिवाळीआधी रात्री अकरापर्यंत व्हॉट्सॲपवर ऑर्डरी येत राहतात. पूर्वी जेवणं उरकली की वही घेऊन बसायचे, तरी कुणाचं तरी करंजीचं पाकीट राहायचंच. गेल्या वर्षीपासून यादी मोबाइलवरच्या चॅटजीपीटी या एआय ॲपकडून करून घेते. याच धंद्यातल्या मैत्रिणी विचारतात, म्हणून लिहिते.

सगळं एकदम सुरू करू नका, आधी फक्त यादी. दिवसभराचे मेसेज एकत्र चिकटवा, पण नावं, पत्ते आणि फोन नंबर काढून टाका. नावाऐवजी 'ग्राहक १', 'ग्राहक २' लिहा आणि कोण कोण ते वहीत ठेवा. लोकांनी आपल्याला विश्वासाने दिलेले नंबर असतात ते. मग सांगा, 'याचा तक्ता कर: ग्राहक, पदार्थ, वजन, कधी हवं, कुठल्या भागात.' टाइप करायचा कंटाळा आला तर माइक दाबून मराठीत बोला, त्याला समजतं.

आता महत्त्वाचं. एका ताईंचा मेसेज होता, 'काकू, मागच्यासारखंच द्या, फक्त चकली वाढवा.' मागचं त्याला काय ठाऊक? त्याने खुशाल 'चकली १ किलो' लिहिलं आणि मी तसंच पॅक केलं. त्यांना दोन किलो हवी होती, घरी पाहुणे यायचे होते. तेव्हापासून मी न चुकता लिहिते: 'वजन स्पष्ट नसेल तिथे अंदाज करू नकोस, फोन करा असं लिही.' पदार्थवार बेरीजही मागा, पण कॅल्क्युलेटरवर पडताळून घ्या. यादी लांबली की आकडे चुकतात.

किमतीचंही तसंच. नुसतं 'एक किलो चकलीचा खर्च काढ' म्हटलं तर तो कुठलेतरी भाव धरतो. जांभळी नाक्यावरच्या सामानाचं तुमचं बिल त्याला द्या. तेल मोजायचं असेल तर तळणीआधी कढईत ओतलेलं तेल तोला, गार झाल्यावर उरलेलं तोला; जो फरक येईल तेवढं तेल त्या घाण्यात गेलं. गॅस, पिशव्या, बायकांची मजुरी आणि स्वतःचीही मजुरी धरा. आपण नेमकी तीच सोडतो. शेवटी विचारा, 'यात मी काय धरलं नाही?' मला त्याने तुटलेल्या चकल्यांची आठवण करून दिली. इतकी वर्षं तो तोटा मी हिशोबात घेतलाच नव्हता.

जाहिरातीचा मजकूर तो फार पुस्तकी लिहितो. तुमचे चार जुने मेसेज नमुन्याला द्या, सुधारतो.

लेबलवरचे घटक मात्र त्याला विचारू नका. माझ्या भाजणीच्या चकलीत त्याने मैदा घातला होता! शेंगदाण्याची ॲलर्जी असलेलं मूल कुणाच्याही घरात असू शकतं. घटक, वजन, तारीख आणि एफएसएसएआयचा, म्हणजे खाद्यपदार्थांच्या परवान्याचा, १४ अंकी नंबर आपल्या वहीतूनच उतरवा.

तयार यादी छापून ओट्याशेजारी लावा, भागांप्रमाणे लावून घेतलेली. आमच्याकडे घोडबंदरची पाकिटं सकाळीच भरून होतात, संध्याकाळी तो रस्ता तुंबतो.