परतीच्या वाटेवरचे पक्षी कसे पाहावेत

हिवाळ्यात उत्तरेकडून आलेले गाणारे लहान पक्षी साधारण मार्चपासून एप्रिलअखेरपर्यंत मराठवाड्यातून परतू लागतात. नेमक्या याच काळात आपल्या पानगळीच्या रानातील साग, सालई, पळस यांच्या फांद्या उघड्या पडतात आणि नोव्हेंबरात पानांआडून नुसता आवाज देणारा पक्षी आता डोळ्यांना सापडतो. त्यामुळे नवशिक्याने सुरुवात थंडीत न करता फाल्गुन-चैत्रात करावी, असे माझे मत आहे.

कन्नडजवळचे गौताळा-औट्रमघाट अभयारण्य (१९८६ मध्ये घोषित, क्षेत्र सुमारे २६० चौरस किलोमीटर), येडशीचा रामलिंग घाट आणि किनवटचे सागवान ही यासाठी चांगली ठिकाणे आहेत. अभयारण्यात जाण्यापूर्वी वन विभागाची परवानगी घ्यावी. लांब जाणे जमत नसेल, तर गावाच्या शिवारातला बाभळींचा ओढाही पुरतो. ८×४२ ची (आठपट मोठे दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) दुर्बीण, वही आणि भरपूर पाणी एवढे सामान बस्स आहे. उजाडताच पोहोचावे, कारण नऊनंतर ऊन तापते आणि पक्षी गप्प होतात.

रानभर हिंडण्यापेक्षा फुललेली काटेसावर, पळस किंवा पांगारा गाठून, सूर्य पाठीशी घेऊन बसावे. बसण्यापूर्वी वर मात्र जरूर पाहावे. उंच सावरीवर आग्या मोहोळ असते, आणि तसे दिसल्यास ते झाड सोडून द्यावे. फुलांवर भोरड्यांचे थवे उतरतात. काळे डोके, काळे पंख व मधले अंग गुलाबी, अशी ही मैना मकरंदासाठी फुलात डोके खुपसते तेव्हा तिच्या कपाळाला पिवळा पराग लागतो. दुर्बिणीतून तो स्पष्ट दिसतो. मध्य आशियातील गवताळ प्रदेशाकडे निघालेले हे थवे एका झाडावर फार वेळ टिकत नाहीत, तेव्हा आधी अंदाजे संख्या टिपावी आणि मग निवांत पाहावे.

बाभळीत ‘टक्, टक्’ असा कोरडा आवाज आला, तर करडे डोके, गालावर गडद पट्टा आणि पांढरा गळा शोधावा. तो शुभ्रकंठी वटवट्या असतो. सावलीतल्या खालच्या फांदीवर शेपूट वारंवार वर उचलणारा चिमुकला पक्षी लाल छातीचा माशीमार असण्याची शक्यता मोठी. गळ्यावरचा नारिंगी डाग फक्त प्रौढ नराला असल्याने, ओळखताना काळ्या शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना असलेला पांढरा रंग आधी पाहावा. पर्ण वटवटे म्हणजे पानांत वावरणारे, एकमेकांसारखे दिसणारे हिरवट चिमुकले पक्षी; त्यांच्या जाती मात्र रंगावरून वेगळ्या करण्याच्या फंदात सुरुवातीला पडू नये. आवाज मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून नंतर ताडून पाहावा. पक्षी जवळ यावा म्हणून त्याचाच आवाज वाजवणे कटाक्षाने टाळावे, कारण लांबच्या प्रवासासाठी चरबी साठवणाऱ्या जिवाला ती धावपळ परवडत नाही.

दुपारच्या वेळी वन्यप्राण्यांसाठी भरलेल्या पाणवठ्यापासून बऱ्याच अंतरावर, आडोशाला बसल्यासही पुष्कळ पक्षी दिसतात.

नोंदीत तारीख, वेळ, झाड आणि संख्या असावी. ती ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर टाकल्यास इतरांच्याही कामी येते. पहिले आगमन उत्साहाने लिहिले जाते, शेवटचे दर्शन बहुधा निसटते. म्हणून पक्षी दिसेनासा झाल्यावरही त्याच ठिकाणी आणखी दोन आठवडे जावे आणि ‘भोरडी दिसली नाही’ हेही तारखेसह लिहावे.